अनुदानातली एक अट: अमेरिकेतल्या तस्करी-पीडितांच्या सेवांचं कंत्राट, २००६ ते २०१३

कंत्राट देण्याआधी अमेरिकेच्या आरोग्य व मानव सेवा विभागाने अर्जदार संस्थेला एक प्रश्न विचारला होता. अर्जदार होती तिथल्या कॅथलिक बिशपांची राष्ट्रीय परिषद, म्हणजे युनायटेड स्टेट्स कॉन्फरन्स ऑफ कॅथलिक बिशप्स. काम होतं मानवी तस्करीतून सुटलेल्या माणसांना देशभर सेवा पोहोचवण्याचं. आम्ही कॅथलिक संस्था आहोत, त्यामुळे आमच्यामार्फत जाणाऱ्या पैशांतून कोणत्याही स्थानिक संस्थेला गर्भपाताची सेवा किंवा गर्भनिरोधक साधनं पुरवता येणार नाहीत, आणि त्यासाठी पीडितेला दुसरीकडे पाठवताही येणार नाही, असं परिषदेने प्रस्तावात उघडपणे लिहिलं होतं. त्यावर विभागाने विचारलं, ‘आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका’ असं धोरण ठेवलं तर चालेल का? परिषदेने नाही म्हणून कळवलं. स्थानिक संस्था आमच्याशी लेखी करार करतील, त्यात तशी हमी देतील, आणि या सेवांचे पैसे मिळणार नाहीत हे त्यांना आधीच ठाऊक असेल, असा त्या उत्तराचा आशय होता.

एप्रिल २००६ मध्ये काम परिषदेलाच मिळालं.

अनुदानाचे प्रस्ताव लिहिणं, करारातली कलमं वाचणं आणि वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्रं जुळवणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांना या प्रश्नोत्तरात बरंच काही दिसेल. विभागाला अडचण कळली होती. ती सोडवण्यापेक्षा झाकायचा पर्याय त्याने सुचवला. तसं झाकायलाही समोरच्याने प्रामाणिकपणे नकार दिला. तरीही सही झाली. पुढच्या सात वर्षांत खटला, संसदीय सुनावणी आणि अपील झालं, पण मूळ गोष्ट या दोन-चार वाक्यांतच घडून गेली होती.

हा पैसा आला कुठून

ऑगस्ट १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल माँटे शहरात सरकारी अधिकाऱ्यांनी एका इमारतीवर छापा घातला आणि ७२ थाई कामगारांना सोडवलं. काटेरी तारांच्या आत, पहाऱ्यात, त्यांच्याकडून कपडे शिवून घेतले जात होते. सुटकेनंतर सरकारने त्यांना नेलं ते थेट स्थलांतर खात्याच्या कोठडीत, आणि अंगावर चढवले कैद्यांचे कपडे. कायद्याच्या नजरेत ते बेकायदा राहणारे परदेशी होते. ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांनाच आत टाकायचं, हा प्रकार लॉस एंजेलिसमधल्या संस्थांना आणि ज्युली सू या तरुण वकिलाला सहन झाला नाही. त्यांनी पाठपुरावा करून कामगारांना बाहेर काढलं. (याच ज्युली सू पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या प्रभारी कामगार मंत्री झाल्या.)

अशा प्रकरणांतून २८ ऑक्टोबर २००० रोजी तस्करी-पीडित संरक्षण कायदा झाला. बळजबरी, फसवणूक किंवा धाक वापरून माणसाकडून देहविक्रय किंवा मजुरी करून घेणं म्हणजे तस्करी, अशी त्यात व्याख्या आली. पीडितांसाठी ‘टी’ नावाचा वेगळा व्हिसा आला. त्याची वर्षाची मर्यादा ५,०००. आमच्या विषयाशी जास्त संबंध आहे तो तिसऱ्या तरतुदीचा. परदेशी प्रौढ पीडित तपासात सहकार्य करायला तयार असेल आणि तिचं देशात राहणं सरकारने मान्य केलं असेल, तर आरोग्य व मानव सेवा विभाग तिला प्रमाणपत्र देतो. ते मिळालं की निर्वासितांना ज्या सवलती मिळतात त्या सगळ्या तिला मिळतात. अल्पवयीन मुलांना सहकार्याची ही अट नाही.

प्रमाणपत्र हातात पडायला वेळ लागतो. त्या मधल्या काळात, आणि नंतरही, कुणीतरी तिच्यासाठी खोली बघायची असते, दुभाष्या आणायचा असतो, दवाखान्यात सोबत जायचं असतं, वकिलाची वेळ घ्यायची असते. हे करणारी माणसं सरकारची नसतात. ती छोट्या स्थानिक संस्थांची केस वर्कर असतात, आणि त्यांचा पगार अनुदानातून निघतो.

एकच दार

सुरुवातीची काही वर्षं विभाग वेगवेगळ्या संस्थांना थेट अनुदान देत होता. त्यातली अडचण आपल्याकडच्या योजनांमध्येही नेहमी दिसते. एखाद्या शहरातल्या संस्थेला तीन वर्षांचं अनुदान मिळतं, पण तिथे अपेक्षेइतके पीडित सापडत नाहीत. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या शेतात वीस मजूर सापडतात आणि तिथे अनुदान असलेली संस्थाच नसते. पैसा एकीकडे, माणूस दुसरीकडे.

म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये विभागाने नवी पद्धत जाहीर केली. देशभरासाठी एकच मुख्य कंत्राटदार नेमायचा. त्याने जागोजागच्या संस्थांशी उपकरार करायचे. पीडित जिथे सापडेल तिथल्या संस्थेला दर माणशी खर्च मिळेल. विभागाने हिशेब एकाशीच ठेवायचा. कल्पना चांगली होती, हे मला मनापासून वाटतं. पीडितेच्या मागे पैसा गेला पाहिजे, पैशाच्या मागे पीडितेने नाही. त्यातून प्रशासनाचं काम हलकं होतं, आणि ज्या गावात वर्षाला एखादाच पीडित सापडतो तिथल्या संस्थेलाही दार उघडतं.

दोष होता तो ‘एकच’ या शब्दात. देशभरातला सगळा पैसा एका दारातून जाणार असेल, तर त्या दारावर कुणी काय पाटी लावायची याचा निर्णय सरकारने आधी घ्यायला हवा होता. निविदेतच सेवांची यादी द्यायची, आणि ती पूर्ण देणार असाल तरच अर्ज करा असं म्हणायचं. किंवा, धार्मिक कारणाने काही सेवा देता येत नसतील तर त्यांच्यासाठी दुसरी संस्था विभाग स्वतः नेमेल, असं तरी म्हणायचं. विभागाने यातलं काहीच केलं नाही. अर्ज दोनच आले: एक बिशप परिषदेचा, दुसरा साल्व्हेशन आर्मीचा. दोन्ही धार्मिक संस्था. बिशप परिषदेचा निर्वासितांच्या पुनर्वसनातला अनुभव दांडगा होता, देशभर पसरलेल्या कॅथलिक चॅरिटीज संस्थांचं जाळं होतं. क्षमतेबद्दल शंका नव्हतीच. कंत्राट एक वर्षाचं होतं, आणि एकेक वर्षाने चार वेळा वाढवण्याची सोय होती. ती वापरत, आणि शेवटी थोडं लांबत, ते ऑक्टोबर २०११ पर्यंत चाललं.

या काळात परिषदेला सरकारकडून १ कोटी ५९ लाख डॉलरच्या वर रक्कम मिळाली. त्यातले सुमारे ५३ लाख परिषदेच्या प्रशासकीय आणि इतर खर्चात गेले. उरलेले शंभराहून अधिक स्थानिक संस्थांकडे. या आकड्यांवरून परिषदेवर खाबुगिरीचा आरोप करणं अन्यायाचं होईल. शंभर संस्थांचे करार, प्रशिक्षण, पडताळणी यांना माणसं लागतात. पण मधल्या संस्थेची खरी किंमत ताळेबंदात दिसत नाही. या प्रकरणात ती उपकरारातल्या एका कलमात होती.

ते कलम केस वर्करच्या टेबलावर

समजा, एका मध्यम शहरात एक स्थानिक संस्था आहे. ती धार्मिक नाही. घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघता बघता तिच्याकडे तस्करीतून सुटलेली एक मुलगी येते. वय वीस. महिनोन्‌महिने तिच्यावर बळजबरी झालेली आहे. भाषा येत नाही, हातात कागद नाही, पोलिसांवर विश्वास नाही. तिला काय हवं, हे तिलाही नीट सांगता येत नाही. पण पाळी चुकलीय, एवढं ती दुभाष्याला सांगते.

संस्थेने बिशप परिषदेशी उपकरार केलेला आहे. त्यात लिहिलंय की या निधीतून गर्भपातासाठी किंवा गर्भनिरोधकांसाठी सेवा देता येणार नाही आणि पाठवताही येणार नाही. कलमाचा अर्थ कागदावर सरळ आहे: आमचे पैसे त्यासाठी वापरू नका, तुमच्या दुसऱ्या पैशांतून काय करायचं ते करा. मोठ्या संस्थेला हे जमतं. तिच्याकडे चार देणगीदार असतात, चार खाती असतात. छोट्या संस्थेत ज्या केस वर्करचा पगार याच कंत्राटातून निघतो, तिने दवाखान्याला फोन केला तर तो अर्धा तास कुठल्या खात्यावर टाकायचा? टाइमशीटवर काय लिहायचं? मुलीला गाडीत बसवून नेलं तर पेट्रोलची पावती कुठे लावायची? अशा प्रश्नांना घाबरून माणसं काय करतात ते अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ती गप्प बसतात. लेखापरीक्षणात आक्षेप नको म्हणून जे कलमाच्या जवळपास येतं तेही सोडून देतात.

कलमाचा पल्लाही लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत १९७६ पासून हाइड दुरुस्ती म्हणून ओळखली जाणारी अट आहे. केंद्राचा पैसा गर्भपातासाठी सहसा वापरता येत नाही. त्यामुळे काही जण म्हणत होते की बिशपांच्या अटीने वेगळं काय बिघडलं? बिघडलं ते असं. हाइड दुरुस्तीत १९९० च्या दशकापासून बलात्काराचा आणि जवळच्या नात्यातल्या लैंगिक संबंधाचा अपवाद आहे, आईच्या जिवाला धोका असेल तर तोही आहे. देहविक्रयासाठी तस्करी झालेल्या मुलीची गर्भधारणा म्हणजे बहुतेक वेळा बलात्कारच. म्हणजे ज्या अपवादाची सगळ्यात जास्त गरज या मुलींना, तोच कराराने बंद केला. आणि गर्भनिरोधकांवर तर हाइडचं काही बंधन नव्हतंच. त्यात कंडोमही येतो. ज्या बाईला रोजच्या रोज एचआयव्हीचा धोका होता, आणि जी कदाचित पुन्हा त्याच माणसांच्या तावडीत सापडू शकते, तिला कंडोम कुठे मिळतो हे या पैशातून सांगायचं नाही, असा तो करार होता.

बिशपांना मी दोष देत नाही. त्यांची श्रद्धा काय आहे हे त्यांनी पहिल्या दिवशी लिहून दिलं, विचारल्यावर पुन्हा सांगितलं, आणि पाच वर्षं त्यात बदल केला नाही. लपवून घेतलेल्या पैशापेक्षा हे कितीतरी सरळ. जबाबदारी सरकारची होती, कारण पीडिता सरकारची जबाबदारी होती. तिने बिशप परिषद निवडलेली नव्हती. तिच्यासमोर दुसरं दार नव्हतं.

खटला, आणि त्यात नसलेली माणसं

१२ जानेवारी २००९ रोजी अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या मॅसॅच्युसेट्स शाखेने आपल्या करदात्या सदस्यांच्या वतीने बोस्टनच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. बुश यांच्या कारकिर्दीचा शेवटचा आठवडा होता तो. पण वीस तारखेला ओबामा आले तरी सरकारची भूमिका बदलली नाही. नव्या सरकारच्या वकिलांनीही कंत्राटाचा बचावच केला. बिशप परिषद स्वतःहून प्रतिवादी म्हणून खटल्यात दाखल झाली.

दावा अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीवर उभा होता: सरकारने धर्माची प्रतिष्ठापना करायची नाही. आता दावा कोण लावू शकतं हा पहिला पेच. साध्या करदात्याला ‘माझे पैसे चुकीच्या ठिकाणी जातायत’ म्हणून अमेरिकेच्या न्यायालयात उभं राहता येत नाही. अपवाद एक, १९६८ च्या फ्लास्ट निकालातून आलेला: संसदेने मंजूर केलेला खर्च धर्माच्या बाबतीतल्या मर्यादेचा भंग करत असेल, तर करदाता येऊ शकतो. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद बराच आवळला होता. तरी न्यायाधीश रिचर्ड स्टर्न्स यांनी मार्च २०१० मध्ये दावा चालू दिला, कारण हा पैसा संसदेच्या कायद्यानेच या कामासाठी ठेवलेला होता.

इथे थांबून एक गोष्ट बघायला हवी. फिर्यादी कोण? करदाते. प्रतिवादी कोण? सरकार आणि बिशप परिषद. ज्यांच्या शरीराबद्दल सगळा वाद, त्यांच्यापैकी कुणीही पक्षकार नव्हतं. हे समजण्यासारखं आहे. व्हिसा लटकलेला, साक्ष द्यायची राहिलेली, अशी कुठली बाई सरकारवर खटला भरेल? पण याचा परिणाम शेवटी खटल्यावर झालाच.

२३ मार्च २०१२ ला स्टर्न्स यांनी निकाल दिला. सरकारी पैशातून कोणत्या सेवा मिळतील हे ठरवण्याचा अधिकार सरकारने धार्मिक संस्थेकडे सोपवला, आणि त्या संस्थेने तो आपल्या श्रद्धेप्रमाणे वापरला. हे घटनाबाह्य, असं त्यांनी म्हटलं. ही श्रद्धा न मानणाऱ्यांवरही ती लादली जाते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आधारासाठी त्यांनी १९८२ चा एक निकाल घेतला, आणि तो फार बोलका आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा असा कायदा होता की चर्च किंवा शाळेपासून पाचशे फुटांच्या आत दारूचा परवाना हवा असेल, तर चर्चची हरकत असता कामा नये. केंब्रिजमधल्या हार्वर्ड स्क्वेअरला ग्रेंडेल्स डेन नावाचं उपाहारगृह होतं, त्याच्या मागे आर्मेनियन कॅथलिक चर्च. चर्चने हरकत घेतली, परवाना अडला. सर्वोच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला: परवाना नाकारायचा तर सरकारने आपल्या अधिकारात, आपली कारणं देऊन नाकारावा, तो अधिकार चर्चच्या हातात देऊ नये. दारूच्या परवान्यासाठी जे तत्त्व लागू झालं, ते पीडितेच्या उपचारांना लागू व्हायला तीस वर्षं लागली.

दरम्यान, पारडं उलटं

निकाल यायच्या आधीच कंत्राट संपलं होतं. २०११ मध्ये विभागाने कंत्राटाऐवजी अनुदानाची नवी जाहिरात काढली. कुटुंबनियोजन आणि कायद्याने मान्य असलेले सर्व स्त्रीरोग-प्रसूतीविषयक उपचार यांच्यासाठी पीडितांना पाठवायला जे अर्जदार तयार असतील, त्यांना ‘ठाम प्राधान्य’ दिलं जाईल असं त्यात होतं. बिशप परिषदेने पुन्हा अर्ज केला, आपली अट कायम ठेवून. स्वतंत्र परीक्षकांनी तिला चांगले गुण दिले, निवड झालेल्या काही संस्थांपेक्षाही जास्त. तरीही पैसे गेले हार्टलँड ह्यूमन केअर सर्व्हिसेस, टॅपेस्ट्री आणि यू. एस. कमिटी फॉर रेफ्युजीज अँड इमिग्रंट्स या तीन संस्थांना.

१ डिसेंबर २०११ ला प्रतिनिधीगृहाच्या देखरेख समितीने, अध्यक्ष डॅरेल इसा, सुनावणी घेतली. अनुदानाचं राजकारण झालं, कॅथलिकांवर डूख धरला, असे आरोप झाले.

परिषदेच्या हाती धोरण गेलं नाही हे योग्यच झालं असं माझं मत आहे. पण त्यांची तक्रार पोकळ नव्हती. ‘प्राधान्य’ हा शब्द अनुदानाच्या जाहिरातीत घातक असतो. सेवा आवश्यक असेल तर ती पात्रतेची अट करा. अर्जदाराला पहिल्याच पानावर कळू द्या की हे जमत नसेल तर अर्ज करू नका. नाहीतर गुणपद्धतीत त्याला किती गुण आहेत ते छापा. गुण एकीकडे, निवड दुसरीकडे, आणि मधे वरिष्ठांचा ‘विवेकाधिकार’, असं झालं की हरलेल्याला शंका येणारच. २००५ मध्ये विभागाने सेवांबद्दल काहीच लिहिलं नाही, २०११ मध्ये अर्धवट लिहिलं. दोन्ही वेळा शेवटचा निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज उघडल्यावर घेतला.

निकालाविरुद्ध परिषद अपिलात गेली. १५ जानेवारी २०१३ ला पहिल्या सर्किटच्या, म्हणजे बोस्टनचा भाग ज्याच्याकडे येतो त्या, अपील न्यायालयाने सांगितलं की कंत्राट संपलंय, पैसे देऊन झालेत, ते पुन्हा तसंच होईल असं मानायला कारण नाही; म्हणजे वादच उरलेला नाही. स्टर्न्स यांचा निकाल रद्दबातल झाला. चूक होता म्हणून नव्हे, वेळ निघून गेली म्हणून. फिर्यादी करदाते असल्यामुळे नुकसानभरपाईची मागणी नव्हती, फक्त घोषणा हवी होती. एखादी पीडिता नुकसानभरपाई मागत उभी असती, तर वाद इतक्या सहज संपला नसता. चार वर्षांच्या खटल्यातून बंधनकारक असं काहीच उरलं नाही. पुढे एकट्या सापडलेल्या स्थलांतरित मुलांच्या निवाऱ्यांसाठी धार्मिक संस्थांना दिलेल्या अनुदानावरून कॅलिफोर्नियात जवळपास असाच दावा झाला, आणि २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

सांगलीला पोहोचलेली अट

अनुदानातल्या अटींचा हाच काळ महाराष्ट्रानेही पाहिला, उलट्या बाजूने. २००३ मध्ये अमेरिकेने दोन कायद्यांत एकाच धर्तीची तरतूद घातली. तस्करीविरोधी निधी घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाच्या कायदेशीर मान्यतेला पाठिंबा देता कामा नये. आणि एचआयव्हीच्या कामासाठी पैसे घेणाऱ्या संस्थेने तर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरणच लिहून द्यायला हवं.

सांगलीची संग्राम संस्था मीना सरस्वती शेषू यांच्या पुढाकाराने १९९२ पासून तिथल्या वस्त्यांमध्ये धंदा करणाऱ्या बायकांसोबतच एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करत होती. कंडोम वाटायच्या त्या याच बायका. १९९६ मध्ये त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी राहिली. ‘तुम्ही जे करता त्याला आमचा विरोध आहे’ अशा कागदावर सही करून याच बायकांसोबत काम कसं करायचं? संग्रामने २००५ मध्ये सही नाकारली आणि अमेरिकी पैसा सोडला. त्याच वर्षी ब्राझीलनेही ४ कोटी डॉलर नाकारले होते. देशाने नाकारणं वेगळं, जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेने नाकारणं वेगळं. ज्यांनी अनुदानाचा हप्ता चुकल्यावर कार्यकर्त्यांचे पगार थकलेले पाहिलेत, त्यांना त्या नकाराचं वजन कळेल.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की अमेरिकी संस्थांकडून अशी प्रतिज्ञा घेणं घटनेत बसत नाही. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी स्पष्ट केलं की परदेशी संस्थांना हे संरक्षण नाही. न्यूयॉर्कची संस्था सही नाकारून पैसा घेऊ शकते. सांगलीची नाही.

वॉशिंग्टनमध्ये अट संस्थेने सरकारला घातली, इथे सरकारने संस्थेला. ज्या बाईला कंडोम हवा, डॉक्टर हवा, तिचं म्हणणं दोन्ही करारांत कुठेच नव्हतं.

आपल्याकडे आता काय बघायचं

भारतात तस्करी-पीडितांसाठी केंद्राची उज्ज्वला योजना डिसेंबर २००७ मध्ये आली. अडचणीतल्या स्त्रियांसाठीची स्वाधार गृह योजना आणि उज्ज्वला एकत्र करून आता केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘शक्ती सदन’ नावाचे निवारे आहेत. खर्च बहुतेक राज्यांत केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. चालवणाऱ्या अनेकदा स्वयंसेवी संस्था. म्हणजे मधली संस्था आपल्याकडेही आहेच. तिची श्रद्धा, तिचे संस्कार, ‘आमच्याकडे असलं चालत नाही’ हे सगळं तिच्यासोबत येतं, आणि बिशपांसारखं ते प्रस्तावात लिहून देणारं क्वचितच कुणी भेटतं. आपल्याकडे अशी अट कागदावर नसते, अधीक्षिकेच्या तोंडी असते. त्यामुळे तिच्यावर कुणी दावाही लावू शकत नाही.

परदेशी पैशाच्या बाबतीत आपण दुसरं टोक गाठलं. परदेशी देणगी नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मधली संस्था गेली, पण तिच्यासोबत मोठ्या संस्थेच्या आधाराने टिकलेल्या तालुक्यातल्या छोट्या संस्थाही अडचणीत आल्या. मधली संस्था नको हे उत्तर नव्हतंच कधी. तिने काय द्यायचंच आहे, हे पैसे देणाऱ्याने आधी लिहावं एवढंच हवं होतं.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला झालेल्या दुरुस्तीने बलात्कार-पीडितेला २४ आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली आहे. छाप्यातून सुटलेली मुलगी पोलीस ठाणं, न्यायदंडाधिकारी, वयाची तपासणी असं करत सदनात पोहोचेपर्यंत त्यातले किती आठवडे गेलेले असतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिलंय. म्हणून महिला व बालविकास विभागाने शक्ती सदनासाठी संस्थांचे अर्ज मागवताना जाहिरातीतच छापावं: दाखल झालेल्या प्रत्येक बाईची गरोदर चाचणी आणि एचआयव्ही तपासणी तिच्या संमतीने पहिल्या आठवड्यात होईल, गर्भपाताचा आणि गर्भनिरोधकांचा पर्याय तिला तिच्या भाषेत सांगितला जाईल, सरकारी रुग्णालयात नेण्याची जबाबदारी संस्थेची राहील, आणि यातलं काही करायला जी संस्था तयार नसेल तिने अर्ज करू नये.